जानेफळचा हजर सभासद

मेहकरच्या कृषी सेवा केंद्र विक्रेता संघाच्या खोलीत नूरजहां पोचली तेव्हा खिडक्यांवर चादरी टाकून अंधार केलेला होता. जानेफळची बस उशिरा निघाली होती. ती दाराजवळच्या खुर्चीत गुपचूप टेकली. समोरच्या भिंतीवर चौकोनी उजेड, आणि त्या उजेडात पुण्याहून आलेला शंतनु सभासदांचं सॉफ्टवेअर दाखवत उभा.

"वर्गणी, सभा, निरोप, सगळं एका जागी," तो म्हणाला.

"रुसलेल्या सभासदाचा रकाना हाय का?" अध्यक्ष मोतीरामभाऊंनी विचारलं. "आमचे अर्धे त्यातच बसतीन."

हशा पिकला. नूरजहां हसली नाही. नवरा मुजम्मिल जाऊन दोन पेरण्या उलटल्या होत्या. जानेफळचं बियाण्याचं दुकान तिनं एकटीनं उघडं ठेवलं, परवानाही आपल्या नावावर करून घेतला. संघात मात्र नाव अजून मुजम्मिलचंच. आणि कपाशीच्या ज्या बीटी वाणासाठी शेतकरी अडून बसत, ते संघ फक्त सभासदांनाच वाटून देई. मुजम्मिलच्या नावावर तिला ते मिळत राहिलं; कुणाच्या कसं लक्षात आलं नाही, हेच तिला कळत नव्हतं. ऐन पेरणीत कुणी बोट दाखवलं तर दुकान रिकामं. त्यापेक्षा आपणच सांगावं, म्हणून ती आली होती.

"आता खरी हजेरी घेऊन पाहू," शंतनु म्हणाला. संघाचे चिटणीस अनंतराव नावं पुकारू लागले.

"वाहेद खान, जानेफळ."

"हजर."

"शेख मुजम्मिल, जानेफळ."

नूरजहांचा ओढणी सावरणारा हात तिथंच थांबला.

"हजर."

आवाज तोच. वाहेदचा.

समोरच्या दुकानाचा वाहेद! मुजम्मिलच्या चाळिसाव्यानंतर, गिऱ्हाईक पळवतो म्हणून तिनं भर बाजारात त्याला सुनावलं होतं, तेव्हापासून बोलणं बंद. आपलं दुकान बुडायची हा वाट पाहतोय, असं ती धरून चालली होती.

शंतनु उत्साहात होता. "मागच्या दहा वर्षांच्या सभांची हजेरीही मी यात भरली आहे. एकही सभा न चुकवलेले एकच सभासद निघाले. हे बघा."

आणि भिंतीवर मुजम्मिल उगवला. भिंतभर. फोटोग्राफरनं दटावल्यावर हसू दाबलेला, परवान्यासाठी काढलेल्या फोटोतला.

शंतनुनं खुर्च्यांवरून नजर फिरवली.

"सर पुढे येतील का?"

"थे नाई येत," अनंतराव पुटपुटले.

"बाहेरगावी असतात?"

"थे वारले," मागून नूरजहां म्हणाली.

सगळ्या माना वळल्या. वाहेद उठायला गेला आणि अर्ध्यातच बसला.

"भाभी, तुमी कवा आल्या?"

"तुमी हजर म्हनाच्या आंधी." तिचा आवाज तिलाच परका वाटला. "काऊन म्हनले?"

वाहेद जमिनीकडे बघत म्हणाला, "बोंडअळीच्या साली लोक किडकी बोंडं घेऊन माह्या दुकानावर चालून आले होते. मुजम्मिल मधात उभा राह्यला. म्हने, बियानं मी बी तेच विकलं, पह्यले मले मारा. त्याचं नाव आलं का गप बसवत नाई मले."

"अन् बाकीचे?"

"आमाले कमी ऐकू येते," मोतीरामभाऊ म्हणाले.

शंतनु कावराबावरा झाला होता. "माफ करा, पण आता मला 'मयत' दाबावं लागेल. ते दाबलं की सभासदत्व बंद. वारसानं पुढच्या वर्षी अर्ज करायचा."

"अन् पेरनी काय पुढच्या वर्षी करा म्हनता?" वाहेद म्हणाला.

"एक वाट आहे. आधी मॅडमना सहसभासद करू. मूळ सभासदाच्या फोनवर आकडा येईल, तो सांगितला की त्यांची संमती झाली." बोलता बोलता त्यानं बटण दाबलंसुद्धा.

नूरजहांच्या पिशवीत फोन वाजला.

मुजम्मिलचा फोन. तो नंबर तिनं बंद होऊ दिला नव्हता. तिनं फोन काढला. आकडा चमकत होता. सगळी खोली तिच्याकडे बघत होती, भिंतीवरून तोही.

"वाचा, भाभी," वाहेद हळूच म्हणाला.

तिचे ओठ हलले. मग तिनं फोन मांडीवर पालथा घातला.

"आता त्यायच्या नावानं कोनी बोलू नका. मी बी नाई बोलत. दाबा तुमचं बटन."

शंतनुनं अध्यक्षांकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. भिंतीवरचा चेहरा राखाडी झाला.

मोतीरामभाऊंनी घसा खाकरला. "सॉफ्टवेअर चांगलं हाय, साहेब. पन मानूस मेला का त्याचं दुकानबी मारते. तेवढं दुरुस्त करून आना, मंग पाहू. सभा आमची हाय. ह्या आजपासून सभासद. कोनाची हरकत?"

कुणाचीच नव्हती.

"मंग पुकारा, अनंतराव."

"नूरजहां मुजम्मिल शेख, जानेफळ."

वाहेदचं तोंड सवयीनं उघडलं. त्यानं ते मिटून घेतलं.

नूरजहांला आवाज सापडायला वेळ लागला. खोली तेवढी थांबली.

"हजर," ती म्हणाली.