अकरा जोडण्या, सात कागद

टेलिफोन खात्यात नोकरी असून आमच्याच घरी फोन नव्हता. अर्ज करून चार वर्षं झाली होती आणि दिल्लीतल्या आमच्या मयूर विहारच्या सोसायटीत हा चेष्टेचा विषय होता. सांगलीहून आईचा फोन येई तो वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे. ते एका मंत्रालयात अधिकारी होते, मूळचे नाशिकचे. रविवारी सकाळी जिन्यातून त्यांच्या बायकोची, वहिनींची हाक यायची, "अहो खालचे, सांगली!" की मी धावत वर. अठरा पायऱ्या.

आमच्या एक्सचेंजमध्ये एक कुलूपबंद खोली होती. सरकारी आदेशाने ज्यांचं बोलणं ऐकलं जाई, त्यांच्या लाइनी तिथे वेगळ्या जोडलेल्या असत. ऐकणारे दुसरे. माझं काम ताळ्याचं: जितक्या जोडण्या तितके लेखी आदेश, प्रत्येकाची मुदत शिल्लक. महिन्याच्या मध्यावर कच्चा ताळा, अखेरीस पक्का, खाली माझी सही. यातलं अक्षर बाहेर बोलणार नाही, अशी शपथ पहिल्याच दिवशी घेतलेली.

त्या महिन्यात कच्च्या ताळ्यात जोडण्या अकरा निघाल्या आणि कागद सात. पुन्हा मोजलं. तेच. बिनकागदाच्या चार नंबरांपैकी एक मला तोंडपाठ होता. मीच तो पोस्टकार्डावर लिहून आईला कळवला होता.

कारण मला माहीत होतं. नंबर वरच्या शेजाऱ्यांचा होता आणि त्यांनी आपल्याच मंत्रालयातल्या एका खरेदीबद्दल तक्रार केली होती. ती दाबली गेली, म्हणून आता ते त्या खरेदीचे कागद एका वार्ताहराला द्यायच्या विचारात होते. जिन्यात त्यांनीच मला सांगितलं होतं. कधी आणि कुठे, हे ते फोनवर बोलले असते तर नोकरी गेलीच, कदाचित तुरुंगही.

मी साहेबांकडे गेलो.

"कागज़ आ जाएगा, यार. ऑर्डर फोन पे आया था."

"कब आएगा, सर?"

"पिछले महीने बाज़ार में धमाका हुआ, भूल गए? कागज़ के इंतज़ार में दूसरा हो गया, तो साइन करोगे उस पर?"

मी परत जागेवर आलो. त्या स्फोटानंतर आम्हीच मुलीच्या शाळेच्या स्वेटरसाठी करोल बागेच्या बाजारात जायचं टाळलं होतं. आणि उरलेले तीन नंबर कुणाचे, मला ठाऊक नव्हतं; एखादा खरंच स्फोटवाल्यांचाही असू शकत होता.

घरी मी काही बोललो नाही. आईला फक्त पत्र टाकलं: त्या नंबरावर फोन करू नकोस, मीच बूथवरून करीन. माझी समजूत अशी, की शपथही राहिली आणि आईची गुडघेदुखी परक्याच्या कानी जायचीही थांबली. इतका चुकीचा हिशेब मी दुसरा केलेला नाही.

पुढच्या रविवारी वहिनी दारात.

"आमच्या फोनला काटे फुटलेत का हो? बूथच्या रांगेत दिसलात ते."

"ह्यांचं डोकं फिरलंय, वहिनी," बायको म्हणाली. "मलाही काही सांगत नाहीत."

"तुम्हाला उगाच त्रास..." मी.

"अच्छा! आणि चार वर्षं काय होतं?"

त्यांच्या मागे जिन्यात वरचे उभे होते. मी कुठे काम करतो हे त्यांना माहीत होतं. माझ्या तोंडाकडे पाहत ते वहिनींना म्हणाले, "अगं, राहू दे. त्यांना बूथवर जास्त स्पष्ट ऐकू येत असेल."

त्याच संध्याकाळी तेही बूथच्या रांगेत होते, माझ्यापुढे तीन माणसं सोडून. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

शपथ एक शब्दही न बोलता मोडली होती. निदान ताळा तरी खोटा नको, म्हणून महिनाअखेरीस शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'जोडण्या ११, आदेश ७', आणि सही केली.

साहेबांनी चष्मा काढला. "अच्छा. तो अब देश तुम चलाओगे."

दोन दिवसांत जोडण्या काढल्या. एकच नाही, बिनकागदाच्या चारही. माझी बदली तक्रार खिडकीवर झाली.

वरच्यांच्या मंत्रालयातल्या त्या खरेदीची बातमी पुढे आतल्या पानावर छापून आली. कागद कुणी दिले ते शेवटपर्यंत उघड झालं नाही, त्यांची नोकरी राहिली. त्यांनी आभार मानले नाहीत आणि मला ते नकोही होते.

बाकीचे तीन नंबर मी कुठे लिहून ठेवले नाहीत, पण ते पाठ आहेत. त्या हिवाळ्यात पेपर आला की मी उभ्यानेच आधी स्फोटाची बातमी शोधायचो. नसली की मगच बसायचो. बायको विचारायची, करोल बागेत कधी जायचं? मी म्हणायचो, पुढच्या रविवारी. मुलीने तो सगळा हिवाळा मनगटं उघडी टाकणाऱ्या जुन्या स्वेटरवर काढला.