आलापल्लीच्या रानात परत ठेवलेली मुळी

चौथ्या किमोनंतर प्रमिलाने जेवणाचे ताट न शिवता बाजूला सारले आणि म्हणाली, "एकदा माहेरी नेऊन आणा." माझे आक्षेप तयार होते: अशक्तपणा, संसर्गाचा धोका, रस्ता. नागपूरच्या आमच्या कर्करोगतज्ज्ञांनी मात्र अनुमती दिली. दोन डोसांच्या मधल्या काळात, रक्ततपासणी समाधानकारक आल्यावर जावे. पाणी उकळलेलेच प्यावे. कच्चे काही खाऊ नये. आणि त्यांना विचारल्याशिवाय कोणतेही औषध पोटात जाऊ नये. अशा रुग्णाला घेऊन निघणाऱ्यांनी या चार अटी लिहून घ्याव्यात आणि आजाराची फाईल हाताशी ठेवावी.

उमरेड-नागभीड मार्गाने आम्ही सकाळीच निघालो. एसटी आहे, पण रुग्णासाठी भाड्याची गाडीच बरी. या प्रवासातला खरा खर्च तोच. नागभीडला मी तर्री-पोहे खाल्ले. प्रमिलाने घरून आणलेली मऊ खिचडी दोन चमचे घेतली आणि डबा बंद केला.

ब्रह्मपुरीत एका आयुर्वेदाच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली होती. त्यांनी प्रथम फाईल मागितली, हे मला आवडले. जुन्या तांदळाची पेज, मुगाचे कढण, तोंडातल्या फोडांवर घरचे तूप, पायांना तिळाचे तेल. पोटातून औषध एकही नाही. "ट्रीटमेंट तिकडची. आम्ही फक्त ती सोसायला मदत करतो," त्या म्हणाल्या. इतकी नेमकी मर्यादा आखणारी माणसे कमी भेटतात.

आरमोरीच्या अलीकडे वैनगंगेचा पूल लागतो. तिथे प्रमिलाने खरा हेतू सांगितला. "उरलेले डोस मले नको. गावच्या चैतूभाऊची औषधी मुळी घेईन अन् माहेरीच राहीन. त्याच्या बापानं माझ्या आईले खाटेवरून उठवलं होतं."

"एका उदाहरणावरून नियम निघत नाही," मी म्हणालो.

"नियम तुम्ही काढत बसा. मले बरं वाटाले पाहिजे."

नागपुरात इतकी वर्षे ती माझ्यासारखेच बोलत आली. 'मले' कित्येक वर्षांनी ऐकले. नदी मागे पडली तरी ती मान वळवून पाहत होती.

गडचिरोलीला दुपारचे जेवण उरकावे. पुढे हॉटेलांचा भरवसा नाही. आष्टीपासून खनिजाच्या ट्रकांनी रस्ता खिळखिळा केला आहे. आलापल्ली जवळ येते तसा साग दाट होतो. प्रमिलाने काच खाली करायला लावली. धूळ येईल, असे मी म्हणालो. "येऊ द्या," ती म्हणाली.

तिचा धाकटा भाऊ नामदेव माहेरच्या अंगणात वाट पाहत होता. "बाई, किती वाळलीस!" एवढे बोलून तो बैल बांधायचे निमित्त करून गोठ्यात गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चैतूभाऊंकडे गेलो. पिढ्यान्‌पिढ्या जडीबुटी देणारे गोंड घराणे. झाडाच्या बुंध्याशी तांदूळ ठेवून, त्याची परवानगी घेऊनच ते मुळी खणतात. पळसाच्या पानात बांधलेली मुळी त्यांनी प्रमिलाच्या हातात दिली. मी नाव विचारले.

"नाव नाई सांगत. सांगतलं की गुण जाते."

"नाव कळल्याशिवाय डॉक्टर होकार देणार नाहीत."

"काऊन? त्याच्या गोळ्याचं नाव मी कधी विचारलो का?" चैतूभाऊ हसले. "तुमचा जवाई वकील आहे का रे, नामदेव?"

"मास्तर आहे," नामदेव म्हणाला. "पण सवय तेच आहे."

रेंजसाठी डांबरी रस्त्यापर्यंत यावे लागले. स्पीकरवर नागपूरच्या डॉक्टरांचा आवाज स्पष्ट होता: नाव ठाऊक नसलेले मूळ किमोच्या औषधांशी कसे वागेल, हे सांगता येत नाही. ते घेऊ नये. उरलेले दोन डोस पूर्ण व्हावेत, अशी त्यांची आग्रहाची विनंती होती. निर्णय प्रमिलाताईंचा. फोन संपला. बोलण्यासारखे पुष्कळ होते. ऐकणारी थकली होती.

पळसाचे पान पुन्हा नीट बांधून ती म्हणाली, "चैतूभाऊले विचारू, मुळी परत कशी करतात."

त्या घराण्यात यालाही रीत आहे. मुळी फेकायची नाही. ज्याच्यासाठी काढली, त्यानेच ती झाडापाशी नेऊन पुरायची, पाणी घालायचे आणि आपण पुन्हा केव्हा येणार, हे झाडाला सांगायचे. न सांगता उठायचे नाही.

वाट थोडीच होती, पण तिला तीनदा बसावे लागले. झाड मला ओळखता आले नाही. मी विचारलेही नाही. तिने माती सारली, मुळी ठेवली, तांब्यातले पाणी ओतले. मग ओली माती हाताने थापत राहिली. आजार कळल्यापासून तिने आजारपण सोडून पुढच्या काळाचे एकही वाक्य उच्चारले नव्हते. दिवाळी, नातीचा वाढदिवस, काही नाही.

"सांग बाई," चैतूभाऊ म्हणाले. "झाडाले घाई नाई. पण मले भूक लागून राह्यली."

ती हसली. मग झाडाला म्हणाली, "मोहफुलं वेचाले येईन."

त्या रात्री तिने वाटीभर पेज घेतली. एकानंतर दुसरे घडले म्हणून पहिले दुसऱ्याचे कारण ठरत नाही, हे मी आयुष्यभर वर्गात शिकवले. येथेही तेच म्हणतो. वाटी मात्र रिकामी होती.

नागपूरला परतल्यावर पाचवा डोस झाला. पेज कधी जाते, कधी जात नाही. संध्याकाळी मी तिच्या पायांना तेल लावतो आणि ती डोळे मिटून रानातल्या वाटा सांगते, जणू मला एकट्याला जायचे आहे. तेवढे ऐकवत नाही.

परवा डॉक्टरांनी शेवटच्या डोसाची आणि त्यानंतरच्या तपासण्यांची तारीखवार मांडणी कागदावर करून दिली. प्रमिलाने कागद हातात घेतला, चष्मा लावून वाचला आणि विचारले, "यात मोहफुलाचे दिवस कुठी येतात?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. मलाही ठाऊक नव्हते. बाहेर व्हरांड्यात येऊन मी नामदेवला फोन लावला.