आईच्या राखणीतलं खारं पाणी

वडील गेल्यावर मी आईला वैजापूरहून आमच्याकडं आणलं, तेव्हा हॉलमध्ये काचेची मोठी टाकी नुकतीच येऊन बसली होती. गोड्या पाण्यातले मासे मी कॉलेजपासून पाळत आलो होतो, पण समुद्राच्या पाण्याचा, जिवंत प्रवाळांचा टँक करायचं वेड डोक्यात बरीच वर्षं होतं. ऐपत नव्हती. मी चितेगावच्या कारखान्यात मशीनवर, बायको एका दवाखान्यात रिसेप्शनला. मग शहर सोडून निघालेल्या एका माणसानं त्याची जुनी टाकी, दिवा आणि पाणी हलवणारा पंप स्वस्तात देऊ केला, आणि मला राहवलं नाही. पाणी थंड ठेवायचं यंत्र मात्र त्याच्याकडं नव्हतं, नवं घेणं आमच्या आवाक्याबाहेर. त्याच्या जागी मी टाकीवर एक टेबलफॅन रोखून ठेवला.

आमच्याकडं नळाला पाणी येतं तो दिवस सणासारखा. त्यात या टाकीला साधं पाणी चालत नाही. फिल्टरनं शुद्ध करून त्यात पाकिटातलं समुद्री मीठ कालवावं लागतं, आणि एक बादली चांगलं पाणी द्यायला तो फिल्टर तीन बादल्या बाहेर टाकतो.

"अहो, माणसांना पुरेना आणि तुम्ही समुद्र करताय!" बायको म्हणाली. तरी फेकलेलं ते पाणी तीच साठवायची, फरशी पुसायला, भांड्यांना.

मासे लगेच सोडता येत नाहीत. आधी पाण्यात माशांची घाण पचवणारे जंतू तयार व्हावे लागतात. लोक त्यासाठी कोळंबीचा तुकडा टाकतात. आईच्या गळ्यात माळ, म्हणून मी माशांच्या खाण्याची चिमूट टाकून भागवलं. महिनाभराहून जास्त काळ टाकीत नुसतं पाणी आणि दगड होते. आम्ही दोघं कामावर गेलो की आई दिवसभर एकटी त्या टाकीसमोरच्या खुर्चीत बसायची. वडील गेल्यापासून ती विचारलं तेवढंच बोलायची. खुर्ची तिकडं तोंड करून आहे म्हणून बघत असेल, असं मला वाटायचं.

एका संध्याकाळी मी बूट काढत होतो, तर म्हणाली, "त्या धोंड्यावर तांबूस मळ धरलाय."

"सुरुवातीला धरतो, आई. जाईल."

"कवा?"

आमच्याकडं आल्यापासून तिनं आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न.

मळ गेला. मग मी केशरी-पांढऱ्या पट्ट्यांच्या माशांची एक जोडी आणली, आणि परवडली तेवढी मऊ प्रवाळं. एक गुंडीएवढ्या हिरव्या फुलांचं, दुसरं अळंब्यासारखं पसरट.

"हे झाड का जनावर?"

"जनावर."

"व्हय? आन् खातं कुठून?"

दाखवलं, तर कितीतरी वेळ काचेला नाक लावून उभी राहिली. हळूहळू टाकी तिच्याच ताब्यात गेली. माशांना खायला तीच घालायची. फॅनमुळं पाणी भराभर उडायचं, ते मी केलेल्या खुणेपर्यंत तीच भरायची. मोठी मादी धाकट्या नराला सारखी ढोसायची. "लई कजाग हाय ही," आई रोज संध्याकाळी सुनेला सांगायची, आणि सूनही चहा घेता घेता ऐकायची.

मे महिन्यात एका दुपारी कारखान्यात आईचा फोन आला. ती कधीच फोन करत नसे.

"लाईट गेलीय रं. खालचे म्हणतेत, डीपी जळाला. मासे वर येऊन तोंड वासतेत."

पंप बंद, फॅन बंद, आणि पश्चिमेच्या भिंतीनं तापलेला तो हॉल. पाण्यातली हवा संपत चालली होती. सुपरवायझरला विचारलं, तर माझ्या मशीनवर बदली माणूस नव्हता. बायकोचा फोन लागेना. मी आईला म्हणालो, "प्लास्टिकचा मग घे, त्यात टाकीतलंच पाणी भर आणि उंचावरून परत टाकीत सोड. आणि बर्फ मिळाला तर पिशवीत बांधून पाण्यात ठेव. नुसता टाकू नको."

"बर्फ कुठं घावंल?"

"कोपऱ्यावर रसवंती आहे."

तोवर ती या शहरात एकटी जिना उतरली नव्हती. फोन ठेवला आणि मी मशीनवर एकेक जॉब लावत राहिलो. हात चालू होते, पण सगळं लक्ष फोनकडं. दोनदा लावला, तिनं उचलला नाही.

घरी पोचलो तेव्हा लाईट आलेली नव्हती. आई स्टुलावर उभी होती. पदर खोचलेला, कोपरापर्यंत हात ओला. मगानं पाणी भरत होती, सोडत होती. टाकीत बर्फाच्या पाण्याची पिशवी तरंगत होती. मादी कोपऱ्यात जोरजोरात कल्ले हलवत होती. धाकटा मासा आईनं एका वाटीत काढून ठेवला होता. तो गेला होता.

मी तिच्या हातातून मग घेतला. तिचा दंड सुजला होता.

"बस आता, आई."

ती खुर्चीत बसली. पदरानं हात पुसत म्हणाली, "तुझ्या बापाच्या टायमाला दवाखान्यात नुसतं बाकड्यावर बसीवलं मला. हाताला कायीच काम नव्हतं. आज निदान मग तरी होता."

मी पाणी सोडत राहिलो.

लाईट आली, पण टाकी सावरली नाही. प्रवाळं मिटली ती उघडली नाहीत. अळंब्यासारखं होतं ते शेंबडागत होऊन विरघळलं, पाण्याला वास मारू लागला. पाणी बदलायला हवं होतं आणि त्याच आठवड्यात जलवाहिनी फुटून नळाची पाळी पुढं गेली. मी जारचं पाणी आणून मीठ कालवलं, काही उपयोग झाला नाही. शेवटी उरलेली मादी जगावी म्हणून मी तिला शोभेच्या माशांच्या दुकानात द्यायचं ठरवलं. पिशवीत हवा भरून आईनंच गाठ मारली.

त्यानंतर ती पुन्हा गप्प झाली. एके दिवशी जेवताना म्हणाली, "मला वैजापूरला सोडून ये."

"इथं काही कमी आहे का?" बायकोनं विचारलं.

"नाय गं. घर बंद हाय तिकडं."

आम्ही दोघांनी समजावलं. ती ऐकून घ्यायची आणि परत तेच म्हणायची. रविवारी तिला एस्टीनं घेऊन गेलो. कुलूप उघडल्याबरोबर ती झाडू शोधायला लागली.

आता ती फोनवर तब्येत, पाऊस असं बोलते. मागं एकदा विचारलं, "ती आपली कजाग मासोळी कशी हाय?"

मी दुकानात जाऊन आलो. मासा कधीच विकला गेला होता. कोणी नेला, ते दुकानदाराला आठवत नव्हतं. मी आईला तसं सांगितलं. "बरं," म्हणाली. तिकडून तिच्या अंगणातल्या चिमण्या ऐकू येत होत्या, आणि फोन कोणी ठेवायचा हे दोघांनाही कळत नव्हतं.