नुसत्या खाराची बरणी

मुलुंडच्या चेकनाक्याजवळच्या एका प्रयोगशाळेत रत्नप्रभा धुरी बाटल्या धुवायची. अकरा वर्षं. नवऱ्याची, दत्तारामची गिरणी संपात बंद पडली ती पडलीच, त्यामुळे पंच्याऐंशी साली असल्फ्याच्या टेकडीवरचं घर हिच्या एकटीच्या नोकरीवर चाललं होतं. म्हणून ही मान खाली घालून वागायची म्हणाल, तर नाव नको. कुणी वाकडं बोललं की तिथल्या तिथे तोंडावर ऐकवणार.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि गोंधळ उठला. डॉक्टर श्यामसुंदर कर्णिक माहुलच्या पोरांच्या पोटातले जंतू शोधत होते. पोरांच्या शौचाचे नमुने यायचे, ते मोठ्या बरणीतल्या उकळून गार केलेल्या पाण्यात पातळ करायचे आणि काचेच्या ताटल्यांवर जंतू वाढवायचे. दसऱ्यानंतर बघावं तर प्रत्येक पोराच्या ताटलीत तोच एक पिवळा जंतू. सर हरखले. नवीन काहीतरी सापडलं म्हणून दिल्लीला कळवूनही मोकळे झाले. मग जोगेश्वरीच्या तबेल्यातलं म्हशीचं शेण तपासायला आलं, तर त्यातही तोच पिवळा ठिपका. जंतू पोरांच्या पोटातला नव्हताच, प्रयोगशाळेतलाच होता. सरांचं तोंड एवढंसं झालं.

आता दोष कुणाचा? बाटल्या धुणारीचा. दुसरं कोण इतकं सोयीचं सापडणार होतं? सरांच्या हाताखाली काम करणाऱ्या उत्तरा नावाच्या मुलीने कागद टाइप करून आणला. बाटल्या नीट धुतल्या नाहीत, चूक माझी आहे, आणि खाली सहीला जागा. सही केली की नोकरी गेली, हे कुणी वेगळं सांगायला नको होतं.

"मी सही करूचंय नाय," रत्नप्रभा म्हणाली. डोकं तापलं की तिची मालवणी बाहेर पडायची.

"बाई, उगाच वाढवू नका," सर म्हणाले.

"वाढवणार. सर, आमच्या गावाक आंबे खारात घालतात ना, तेव्हा आई एक बरणी नुसत्या खाराची ठेवायची. आंबो नाय, काय नाय. तिच्यावर बुरशी आली तर खार वाईट, आंब्याला बोल लावायचा नाय. तुम्ही एवढे शिकलात, तुमची नुसत्या खाराची बरणी खंय आसा?"

उत्तरा जमिनीकडे बघत राहिली. नमुना न घालता, नुसत्या पाण्याची, दर वेळी एक कोरी बाटली ठेवायची असते, आणि घाईघाईत दसऱ्यापासून तिने आणि सरांनी ती ठेवलीच नव्हती.

मग रत्नप्रभाने स्वतः धुतलेल्या दोन बाटल्या पुढे केल्या. उत्तराने दोन्हींत जंतूंचं खाद्य घातलं. एकीत तेवढंच, दुसरीत वर त्या मोठ्या बरणीतलं पाणी. दोन दिवसांनी पहिली स्वच्छ होती, दुसरी गढूळ झाली होती.

बरणी रिकामी केली. पन्नास वेळा वरून भरली असेल, धुतली एकदाही नव्हती, कारण आतलं पाणी स्वच्छच, असं सगळे धरून चालले होते. तळाशी काळं पडलेलं आपट्याचं पान निघालं. दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली, तेव्हा झेंडूच्या माळा सगळ्यांनी घातल्या, पण त्या बरणीचं झाकण उचलून पान खोचलं होतं ते सरांनी. सगळ्यांच्या देखत.

सर हळूच म्हणाले, "झालं गेलं. तो कागद फाडून टाकतो."

"फाडू नका. त्याच्यावर माझं नाव घातलंत ना? आता खाली लिहा, बाटल्या स्वच्छ होत्या, पान मी घातलं. आणि सही करा."

सर बराच वेळ पेनचं टोपण काढत, लावत बसले. रत्नप्रभा हलली नाही. शेवटी त्यांनी लिहिलं आणि सही केली.

मग तिने त्यांच्या हातातलं पेन मागून घेतलं, आणि त्या कागदावर साक्षीदार म्हणून आपली सही केली.