वडिलांचं राहून गेलेलं मृत्युपत्र

वडिलांनी मृत्युपत्र केलं तेव्हा माझं लग्न चांगल्या घरात झालेलं होतं. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून साखरखेर्ड्याजवळची स्वतः घेतलेली जमीन आणि घर त्यांनी पुतण्याच्या नावे लिहिलं. मलाही त्यात वावगं वाटलं नाही. पुढे मी विधवा होऊन माहेरी परतले. कागद मेहकरच्या वकिलाकडे तसाच पडून होता.

"विहिरीचं वावर तुह्या नावानं करून देतो," वडील म्हणायचे. "एवढी कपाशी घरात येऊ दे, मंग मेहकरले जाऊ."

कपाशी आली, ज्वारी आली. कधी मेहकरला जायच्या दमणीचा बैल लंगडायचा, कधी वकील अकोल्याला गेलेला असायचा. मी आठवण करून देणं सोडलं. बापापाशी मरणाचा विषय किती वेळा काढायचा?

एका सकाळी तोंड धुता धुता ते ओट्यावर कोसळले. उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली. होकाराचा एकच शब्द उरला, "हाव". पाणी हवं असलं तरी हाव, नको असलं तरी हाव. मानही तशीच होकाराची हलायची. त्यांना काय म्हणायचंय ते मी डोळ्यांवरून ओळखायची.

मी वकिलाला निरोप धाडला. तो रजिस्ट्रारसाहेबांना घेऊन घरी आला. माझा चुलतभाऊ, ज्याच्या नावे सगळं होतं, तो दाराशी उभा राहिला.

साहेबांनी खाटेजवळ बसून विचारलं, "विहिरीचं शेत मुलीला द्यायचं आहे?"

"हाव."

वकिलानं टाक उचलला. साहेबांनी त्याला हातानं थांबवलं.

"की पुतण्याकडेच राहू द्यायचं?"

वडिलांनी दात आवळले. डावा हात खाटेवर आपटला. कपाळावर घाम आला आणि तोंडातून निघालं, "हाव."

"साहेब, त्यांना नाही म्हणायचंय," मी म्हणाले.

"बाई, शेत तुम्हालाच मिळणार, म्हणून तुमचं सांगणं मला धरता येत नाही. आणखी कोणाला यांचं बोलणं कळतं?"

मी चुलतभावाकडे पाहिलं. तो खाली बघत म्हणाला, "मले तं काही समजत नाही."

कदाचित ते खरंही असेल. साहेब कागद न करताच उठले. वडील माझ्याकडे बघत होते, मला त्यांच्याकडे बघवेना.

त्यानंतर ते वर्षभर जगले. दमणी दाराशी जुंपलेली दिसली, की मेहकरच्या दिशेनं हात करायचे. मी त्यांना निजवायची.

ते गेल्यावर चुलतभावानं मला घराबाहेर काढलं नाही. "आक्का, तुले कोन जाय म्हनते?" असं तो चारचौघांत म्हणायचा. पण लुगडं घ्यायचं तरी त्याच्या बायकोला विचारायचं, कुणाकडे बसायला जायचं तरी तिला विचारायचं. विहिरीच्या वावरात मी इतर बायांबरोबर कापूस वेचायची. त्यांतली एखादी म्हणायची, "बाप एवढा जीव लावे, मंग तुह्यासाठी काहीच कसं नाही ठेवलं त्यानं?"

मी प्रत्येकीला सगळं सांगायची. काहीजणी ऐकून घ्यायच्या.