बघायचा केक, कापायचा केक

आमच्या घरमालकीणबाईंच्या हातचा केक बघून तो कशाचा आहे हे पहिल्या फटक्यात ओळखणारा माणूस अजून मुळशी तालुक्यात जन्माला यायचा आहे. मी काही वर्षं त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहिलो, जाता-येता त्यांचे केक पाहिले आणि दर वेळी चुकलो. कासव म्हणालो तर ते हेल्मेट निघालं. मोटार म्हणालो तर ते कुणाच्या तरी आजोबांचं पायताण निघालं. शेवटी मी नुसतं "वा, छान झालाय" म्हणायला शिकलो, तर बाई कमरेवर हात ठेवून विचारायच्या, "काय छान झालाय? कशाचा हाय सांगा की." मग मला ऑफिसला उशीर व्हायचा.

आमच्या माण गावात कंपन्या आल्या, बाईंच्या शेतावर खोल्या उभ्या राहिल्या, बैल गेले आणि मोकळ्या गोठ्यात ओव्हन येऊन बसला. बाई त्याला भट्टी म्हणतात. वाढदिवसाचे, बारशाचे, लग्नाच्या वाढदिवसाचे केक त्या तिथे करतात. ही विद्या त्या मोबाइलवरच्या एका व्हिडिओतून शिकल्या, पण तो होता कुठल्याशा परक्या मुलखातल्या भाषेत. त्यातली बाई काय बोलते ते समजत नसल्यामुळे आमच्या बाईंनी ती जे जे करते ते सगळंच उचललं. अंडी फेटून झाली की ती बाई हातातलं भांडं ठेवून दारापर्यंत जाऊन यायची. माझ्या मते तिच्याकडे कुरिअरवाला आला असावा. पण आमच्या बाई आजही अंडी फेटून झाली की फडक्याला हात पुसतात, गोठ्याच्या दारापर्यंत जातात, बाहेर बघतात आणि परत येऊन मैदा चाळायला घेतात. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "त्याच्याबिगर फुगत न्हाई." एकदा त्यांचा पाय मुरगळला तेव्हा त्यांच्याऐवजी मालक, म्हणजे त्यांचे यजमान, दारापर्यंत जाऊन आले आणि त्या दिवशीचा केक खरोखरच बसला. आता यावर माझ्यासारख्या इंजिनिअर माणसानं काय बोलायचं?

गिऱ्हाईक यायचं ते मोबाइलमध्ये फोटो घेऊन. बाई फोटोकडे ढुंकूनही बघत नसत. "फोटूचं ऱ्हाऊ द्या. पोरगं कसं हाय ते सांगा." मग ते जेवतं का, अंधाराला भितं का, मामाकडे रमतं का, अशी सगळी चौकशी व्हायची आणि तिच्यातून जो केक निघायचा त्याचा फोटोशी काही संबंध नसायचा. मारुंजीच्या एका सोसायटीतल्या जोडप्यानं लेकीसाठी कपाळावर एक शिंग असलेला पांढरा घोडा सांगितला होता. बाईंनी त्याला दोन शिंगं दिली. नवरा बिचारा समजावून सांगायला लागला की ताई, याला एकच असतं. बाई म्हणाल्या, "आवो, मोडकं जनावर वाडदिवसाला कसं देऊ? दुसरं मी माज्याकडनं बसवलंय." लेकीला तो प्राणी इतका आवडला, की तिनं बापाकडे खरी गाय आणा म्हणून हट्ट धरला. आमच्या ऑफिसात एकाच्या निरोपासाठी मी कपकेक सांगितले आणि प्रत्येकावर छोटा लॅपटॉप काढा म्हणालो. बाईंनी प्रत्येकावर एकेक उशी काढली, तीही अभ्र्याच्या झालरीसकट. "तुमची समदी मान्सं मला झोपंला आल्यावानी दिसत्यात," एवढाच खुलासा. आमचा साहेब तो कपकेक हातात धरून बराच वेळ बघत बसला आणि त्या दिवशी उजेड असताना घरी गेला.

त्यांचा नियम मात्र पक्का. ज्याला डोळे आहेत त्याच्यावर सुरी चालवायची नाही. म्हणून अस्वल, ससा, बाहुली, काहीही सांगा, त्यासोबत एक साधा चौकोनी केक मिळायचाच. "ह्यो बघायचा, ह्यो कापायचा." माणसं गोंधळून जायची. घरी गेल्यावर कुठला बघायचा आणि कुठला कापायचा याच्यावर भांडणं झाल्याचंही कानावर आलं. गावातल्या एका शौकिनानं आपल्या शर्यतीच्या बैलाचा वाढदिवस घातला, फ्लेक्स लावला, हलगी लावली आणि बाईंकडून बैलाचा केक नेला. खरा बैलही खाणार म्हणून तो गूळ आणि बाजरीच्या पिठाचा, बिनअंड्याचा होता. गडबडीत कापायचा केक राहिला गोठ्यातच. बैलाच्या मालकानं सुरी उचलली, केकच्या बैलाकडे पाहिलं, मग खऱ्या बैलाकडे पाहिलं आणि त्याचा हात काही खाली येईना. हलगी थांबली. शेवटी खऱ्या बैलानंच मान लांब करून केकच्या बैलाचं वशिंड चाटून साफ केलं आणि सगळ्यांनी सुटकेच्या टाळ्या वाजवल्या.

सगळ्या पंचक्रोशीचे वाढदिवस गोड करणारी ही बाई स्वतः मात्र कुणाच्याही घरी जात नसे. बोलावणी पुष्कळ यायची. उत्तर ठरलेलं, "भट्टी चालू हाय." वीज गेलेली असली तरी भट्टी चालूच असायची. मला हे कोडं उलगडेना. एकदा मालकांनीच जिन्यात माझ्या बायकोला सांगितलं. बाईंना मूलबाळ झालं नाही. पूर्वी कधीतरी भावकीतल्या एका बारशात त्यांनी हौसेनं पाळण्याच्या दोरीला हात लावला, तर कुणीतरी तो सगळ्यांसमोर बाजूला केला. त्या दिवसापासून त्यांनी दुसऱ्याच्या शुभकार्यात पाऊल टाकलं नाही. ऐकून मला फार वाईट वाटलं. रागही आला, पण तो काढायचा कुणावर ते कळेना.

पुढे आम्हाला मुलगी झाली. बायकोनं मला बजावलं, "काकू वर आल्याशिवाय बारसं होणार नाही." मी म्हणालो, त्या येणार नाहीत. ती म्हणाली, बघू. बाईंनी केक कबूल केला, स्वतः यायचं कबूल केलं नाही.

बारशाच्या दिवशी केक घेऊन मालक एकटेच वर आले. पाळण्याचा केक होता. क्रीमच्या बारीक झालरी, वर साखरेचे राघू. पहिल्यांदाच मला बाईंचा केक ओळखता आला म्हणून मी खुशीत होतो, तेवढ्यात लक्ष आत गेलं. पाळण्यात काहीतरी लांबट, तपकिरी, गुळगुळीत पडलं होतं. ऑफिसची मंडळी भोवती जमली. कुणी रताळं म्हणालं, कुणी गुलाबजाम. एका मुलीनं मैत्रिणीच्या कानात जे सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. परभणीहून आलेली माझी आई पुढे झाली आणि ओरडलीच, "अरे, वरवंटा आहे की हा!" बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा निजवायचा असतो. आमच्या घरात मिक्सर, त्यामुळे वरवंट्यासाठी सकाळपासून तिचा जीव खालीवर होत होता. बाईंना तर डोळे असलेलं बाळ कापायला द्यायचं नव्हतं आणि पाळणा रिकामाही पाठवायचा नव्हता. आईनं मागचापुढचा विचार न करता तो चॉकलेटचा वरवंटा उचलला, क्रीम पुसलं, टोपडं घातलं आणि खऱ्या पाळण्यात निजवला. मग म्हणाली, "आता आत्याला बोलवा."

मला बहीण नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले, जणू मी ती कुठेतरी ठेवून विसरलोय. बायकोनं मुलीला उचललं आणि सरळ जिना उतरून गोठ्यात गेली. मी तिच्या मागे.

"काकू, वर चला. नाव ठेवायला आत्या पाहिजे."

"भट्टी चालू हाय."

"बंद आहे. मी बघतेय ना."

बाईंनी हातातलं भांडं खाली ठेवलं. "पोरी, मला नगं बोलवू. शुभकाम हाय. उद्या लेकराला जरा ताप जरी आला तर मला वाटंल माज्यामुळंच आला. मला सोसायचं न्हाई ते."

"मग मी बारसं इथंच करते," असं म्हणून बायको मैद्याच्या पोत्यावर बसली. माझी आई मागून येऊन दारात उभी राहिली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती जुन्या वळणाची, कडक सोवळ्यातली. आता ही काय बोलते म्हणून मी घाईनं पुढे सरकलो. आईनं बाईंकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं आणि म्हणाली, "आत्याबाई, तिकडं वरवंटा वितळायलाय. नाव कोण ठेवणार, मी का?"

बाई हात धुवायचंही विसरल्या. वर आल्या तेव्हा पाळण्यातलं टोपडं तपकिरी झालं होतं. दुपटं बदलून मुलीला निजवलं. बाई दोरी धरायला कचरल्या, तेव्हा आईनंच ती त्यांच्या हातात दिली. त्या वाकल्या आणि बायकांनी रिवाजाप्रमाणे त्यांच्या पाठीत धपाटे घातले, पण अगदी बेतानं, भीत भीत. बाई तशाच वाकलेल्या, डोळ्यांतून पाणी गळतंय, आणि म्हणाल्या, "हळू का मारताय? आत्या हाय मी. घाला की जोरात." मग मात्र बायकांनी हात आखडता घेतला नाही.

धपाट्यांच्या त्या आवाजात त्यांनी मुलीच्या कानात नाव सांगितलं. ते सांगायला त्यांना फार वेळ लागला. आम्ही ठरवलेलं नाव दोन अक्षरी होतं. बाकीचं काय सांगितलं ते मला अजून कळलेलं नाही. आता आम्ही सूसला राहतो, मुलगी शाळेत जाते. मागे भेटलो तेव्हा मी विचारलं, तर बाई म्हणाल्या, "आत्या-भाचीचं हाय ते, पाव्हणं. तुमाला काय करायचंय?" मी मुलीला विचारून पाहिलं. ती म्हणते, मला सगळं आठवतंय. पण तीही सांगत नाही.