पत्त्यासकट सांगावा

आमच्या मामाच्या पोटात अन्न सोडून कधी काही टिकलं नाही. लोंढ्याजवळच्या गुंजी गावात त्याचं घर. गावात लग्न असो, बारसं असो नाहीतर मयत, घरोघर सांगावा पोचवायचं काम मामाकडे, त्याच्या आधी त्याच्या बापाकडे. मामाने सांगितल्यावर ऐकणाऱ्याला विचारायला काही उरत नसे. कुणाची लेक, कुठल्या गावात दिलेली, कुठल्या देवळासमोर घर, दारात झाड कसलं, सगळं एका दमात. "पत्ता न्हाय तो सांगावा कसला? निस्ती बोंब ती," असं म्हणायचा.

अशा माणसाला मी फोन घेऊन दिला! बेळगावात नोकरी करणारी शहाणी भाची ना मी. स्टेटस कसं ठेवायचं, ग्रुपवर फोटो कसा टाकायचा, सगळं शेजारी बसून मीच शिकवलं. आठवड्याभरात मामा गावाच्या, भावकीच्या, पाहुण्यांच्या झाडून सगळ्या ग्रुपांत शिरला. म्हैस व्याली, टाक फोटो. कवळी बसवली, टाक फोटो, तीही तोंडातून काढून तळहातावर ठेवलेली. एकदा तर स्वतःचं आधार कार्ड टाकलं आणि खाली लिहिलं, "फोटो बरा आलाय काय बघून सांगा." घरचे सगळे देवाला निघाले तेव्हा कहरच केला. "आम्ही चार दिवस घरात नाही. किल्ली तुळशीच्या कोनाड्यात आहे. दूधवाल्याने घ्यावी." चोर काही आला नाही. शेजारीण मात्र आत जाऊन चहा करून प्यायली आणि साखर संपल्याचं ग्रुपवरच कळवलं. मी फोनवरून तडतडले, तर म्हणतो कसा, "अगं, सगळी आपलीच मानसं हाईत की!"

आणि खोटं कशाला बोलू, त्याच्या या खोडीचा उपयोगही झाला. गावातली एक विसरभोळी म्हातारी सकाळीच घरातून निघून गेली होती. लोक विहिरी धुंडाळत होते. मामाने तिचा फोटो टाकला. लुगडं कसलं, गोंदण कुठं, कुणाचं नाव काढलं की हसते, सगळं लिहून. तासाभरात लोंढ्याच्या फलाटावरच्या चहावाल्याने तिला ओळखलं. मामा स्वतः जाऊन तिला घेऊन आला. त्या दिवशी मला त्याचा फार अभिमान वाटला.

पण एक गोष्ट त्याने पोटात ठेवायची होती. एकच. त्याची लेक, आमची आक्का, नवऱ्याचा मार खाऊन खाऊन शेवटी निघून आली होती. माहेरी ठेवली तर तो ओढून नेणार हे नक्की, म्हणून मी तिला निपाणीत एका शिवणाच्या दुकानात लावलं. मालकीण जैन, मोठी भली बाई. दुकानाच्या वरचीच खोली तिने आक्काला दिली. हे फक्त मामाला, मामीला आणि मला ठाऊक. मामाला मी देवासमोर शपथ घ्यायला लावली. आठ महिने बिचाऱ्याने कसे काढले त्याचं त्यालाच माहीत. कुणी लेकीचं विचारलं की खोकत सुटायचा.

मग दुकानातलं सगळं कापड बेतायचं काम आक्काच्या हाती आलं. मालकिणीने तिला कात्री घेऊन उभं केलं आणि फोटो काढला. आक्काने तो बापाला पाठवला. लग्नानंतर पहिल्यांदाच ती फोटोत हसत होती. मामाला राहवलं नाही. पाहुण्यांच्या ग्रुपवर फोटो आला आणि खाली रीतसर सांगावा: "माझी लेक. निपाणी, भाजी मार्केटच्या मागची गल्ली, शिवणाचं दुकान, दारात शेवगा. वरच राहते. तिकडं गेलात तर चहाला जावा." त्या ग्रुपात आक्काचा दीर होता. आक्काच्या लग्नात मामानेच त्याला हौसेने ग्रुपात घेतलेलं.

मी तासाभरात तो फोटो काढायला लावला. वाटलं, सुटलो. आक्का उगाच घाबरेल म्हणून तिला कळवलंसुद्धा नाही, ही माझी अक्कल. तिसऱ्या दिवशी नवरा दुकानात उभा. टेबलावरची कात्री त्याच्या हाती आली. आक्का वाचली, पण तिच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकेनाशी झाली. शिवणावर जगणाऱ्या बाईची बोटं ती! नवरा काही महिन्यांत जामिनावर बाहेर आला.

दवाखान्यातच मामाने फोन माझ्या हातात ठेवला. "तिला दुसरीकडं ने. कुठं त्ये मला सांगू नगंस. तुझ्या मामीलाबी नगं, ती मला सांगंल. माझ्या पोटात ऱ्हात न्हाय गं." एवढं बोलून तो भिंतीकडे तोंड करून रडला.

आता आक्का कुठे आहे ते मला माहीत आहे, मामाला नाही. महिन्यातून एकदा तो बेळगावला माझ्याकडे येतो. आक्कासाठी काजू, नाचणीचं पीठ, खाराच्या मिरच्या असं गाठोडं बांधून आणतो. पूर्वी हा माणूस लोणच्याच्या बरणीवरसुद्धा नाव-गाव लिहायचा. या गाठोड्यावर एक अक्षर नसतं. "तिथं थंडी लई हाय काय गं?" असं विचारतो आणि मी तोंड उघडलं की घाईघाईने हात वर करतो. "नगं, नगं. थंडीवरनं गाव कळंल."

गेल्या खेपेला त्याने नुसतीच स्वतःची दोन बोटं माझ्यापुढे धरली. मी म्हटलं, "एक वाकतंय, मामा. सुई धरते आता." तो कितीतरी वेळ आपलं बोट वाकवून बघत बसला. चहा निवून गेला. मला वाटलं, ही बातमी तरी जाऊ दे गावभर, हिच्यात कुठे पत्ता आहे?

चार दिवसांनी मामीचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर तिने हळूच विचारलं, "आक्काच्या बोटांचं काय कळलं काय गं? ह्येंनी तिकडनं आल्यापास्नं तोंडच उघडलं न्हाय."